चौथ्या रकान्यातला पहारेकरी

१

रविवारी सकाळी साडेआठला मोतीबाग सोसायटीच्या ग्रुपवर रोहित बोरस्तेचा मेसेज आला, तेव्हा चांगुणाबाई गायधनी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी तो एकदा वाचला, चष्मा पदरानं पुसून पुन्हा वाचला, आणि हातातली जुडी तशीच परातीत टाकली.

‘सर्वांना सावधान. कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या नाझिया मणियार हिने आमच्याकडे अँटिव्हायरस बसवल्यानंतर वडिलांची बारा वर्षांची फाईल नष्ट झाली आहे. व्हायरस तिनेच सोडला असा दाट संशय आहे. तिला कुणीही घरात घेऊ नये. आज पाचच्या मीटिंगमध्ये तिला गेटवरच अडवण्याचा ठराव मी मांडणार आहे.’

नाशिक रोडच्या बाजूला असलेली बावीस घरांची ही सोसायटी. एरवी पाण्याच्या टाकीबद्दल विचारलं तर दोन दिवस कुणी उत्तर देत नाही. या मेसेजला मात्र दहा मिनिटांत सतरा अंगठे पडले. ज्यांच्या घरात कॉम्प्युटरच नाही, त्यांचेही त्यात होते.

नाझियाला सोसायटीत आणलं होतं चांगुणाबाईंनीच. सव्वीस वर्षांची पोरगी, पाठीवर सॅक, जुनी स्कूटर. आठ-दहा सोसायट्यांमध्ये घरोघर फिरून ती कॉम्प्युटर ठीकठाक करायची, आणि तिचं सगळं काम एका घरानं दुसऱ्या घराला सांगण्यावर चालायचं. मोतीबागच्या गेटवर तिचं नाव लागलं की उद्या दुपारपर्यंत बाकीच्या गेटांवरही ते पोचणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चांगुणाबाईंनी फोन लावला.

"मावशी, मी काही केलेलं नाही," पलीकडून नाझियाचा आवाज आला. "तुम्हाला पण शंका आली का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण चांगुणाबाईंची एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात, प्रेसच्या तपासणी विभागात गेली होती. छापलेला ताव घ्यायचा, उजेडात धरायचा आणि खोट असेल तर खोट आहे म्हणायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. "आली होती," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं. त्याची मला लाज वाटते."

"दोनच ना? बाकीच्यांची अजून चालूच आहेत." नाझिया हसायला गेली, पण ते जमलं नाही. "रोहितदादांनी काल फोनवर नुसतं ओरडून घेतलं. फाईल दिसते कशी, उघडते की नाही, काही सांगितलं नाही. मला घरात पाऊल टाकू देत नाहीत. मी बघणार कशी?"

"मी बघते."

"तुम्ही? तुम्हाला कॉम्प्युटर..."

"कॉम्प्युटर नाही येत. बघायला येतं."

"मग एक करा, मावशी. त्यांना विचारा, पैसे कुणी मागितलेत का? फाईलला कुलूप लावणारा व्हायरस फुकट काम करत नाही. तो पडद्यावर चिठ्ठी ठेवतो, इतके द्या म्हणून. चिठ्ठी असेल तर मी खरंच घाबरेन."

२

बोरस्त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात घरचं कुणी आजारी असावं तशी शांतता होती. सोफ्याच्या कडेला सावळीराम बोरस्ते, रोहितचे वडील, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. निफाडकडच्या गावाहून ते काल दुपारीच आले होते.

त्यांची ती फाईल म्हणजे बागेची वही. दर रविवारी ते गावाहून फोन करायचे आणि सून पूजा ऐकून टाईप करायची. छाटणी कधी केली, पानांवर भुरीची पांढरी बुरशी कुठल्या ओळीत आधी दिसली, ढगाळ हवेत काय फवारलं आणि काय फवारून चुकलं, सगळं. बारा वर्षांची द्राक्षबाग त्या फाईलमध्ये होती. आता तिचं पुस्तक करून शेजारपाजारच्या बागायतदारांना वाटायचं म्हाताऱ्याच्या मनात होतं. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. गेल्या दिवाळीला सासऱ्यांना दाखवायला म्हणून पूजानं पहिली चार पानं छापली होती, तेवढीच.

"ह्या बाईनं सुचवलं होतं ना तिचं नाव?" सावळीरामांनी चांगुणाबाईंकडे बघत पोराला विचारलं.

"हो, माझ्याच शब्दावर ती या घरात आली," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हणूनच आलेय. फाईल दाखवता?"

रोहित कपाळाला आठ्या घालून उठला. एका कंपनीत अधिकारी होता, आणि घरातही तसाच चालायचा. "काकू, तुम्हाला यातलं काय कळणार?"

"काही नाही. म्हणून तर विचारायला आले. कळत असतं तर ग्रुपवर लिहिलं असतं."

पूजानं तोंडावर पदर घेतला, तो रडण्यासाठी की हसण्यासाठी हे कळलं नाही.

फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं यांचा नुसता काला झाला होता. मराठीचं एक अक्षर नाही. ओळीमागून ओळ, पानामागून पान. सावळीरामांनी मान फिरवली. त्यांना ते बघवत नव्हतं.

"पैसे मागणारी चिठ्ठी कुठे आहे?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"कसली चिठ्ठी?"

"फाईलला कुलूप लावणारे चोर ठेवतात म्हणे."

"तसलं काही आलं नाही," रोहित म्हणाला. "आणि काही दाबू नका. पूजालाही मी सांगितलंय, हात लावायचा नाही. आणखी पसरेल."

चांगुणाबाई खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या. खराब ताव हातात आला की त्या आधी त्यावर रागवायच्या नाहीत. नुसत्या बघत राहायच्या. कुठे बिघडलं हे सगळेच बघतात, कुठे बिघडलेलं नाही ते बघायला सवय लागते.

पाच मिनिटं गेली. मग त्या पुढे वाकल्या.

त्या काल्याच्या मधोमध, प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला, आकडे होते. दिवस, महिना, वर्ष. इंग्रजी आकडे होते खरे, पण प्रत्येक तारीख आधीच्या तारखेनंतरचीच होती, आणि मधे सात-सात दिवसांचं अंतर होतं.

सगळं जाळून टाकणाऱ्या चोरानं रविवार तेवढे शिल्लक ठेवले होते.

३

"चहा टाकतेस का, पूजा?" असं म्हणून चांगुणाबाई तिच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. बाई चहा टाकते तेव्हा हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं.

"सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."

पूजानं पातेलं चढवलं. "जुनं अँटिव्हायरस संपलं होतं, मावशी. हे म्हणाले, नवं घ्यायचं तर चांगलं बघून घेऊ. नाझिया म्हणाली, इंटरनेटवर वाचून घेऊ नका, याच कॉम्प्युटरवर लावून बघू. मग तिनं महिनाभर एकेक लावलं. एक काढायचं, दुसरं घालायचं. व्हायरस पकडतं का ते बघायला तिच्याकडे एक बिनविषारी फाईल आहे, मुद्दाम परीक्षेसाठीच केलेली. आणि चालू केल्यापासून माझं टायपिंग सुरू व्हायला किती वेळ लागतो, ते ती माझ्या चहावर मोजायची. एकाच्या वेळी तर चहा उकळून, पिऊन, कप धुऊन झाला."

"आणि शेवटी?"

"तिसरं ठेवलं. मंगळवारी. इतकं गप्प, की आहे का नाही कळायचं नाही. मला तेच हवं होतं. मामंजी फोनवर सांगत असताना मधेच काही वाजलं की माझं चुकतं."

"बुधवारी टाईप केलंस?"

"केलं ना. भिशीचं पत्रक, अर्धं पान. सगळं छान होतं. गुरुवारी सकाळी मी सिन्नरला माहेरी गेले, भाचीचं बारसं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आले. शनिवारी मामंजी येणार म्हणून फाईल उघडली, तर हे असं." तिचे डोळे भरून आले. "आणखी एक आहे, ते ह्यांनी ग्रुपवर लिहिलं नाही. दिवाळीत मी त्या फाईलची एक प्रत स्वतःलाच मेल करून ठेवली होती. काल मोठ्या आशेनं ती काढली. तीही अशीच! हे म्हणाले, बघ, व्हायरस मेलमध्येसुद्धा शिरला."

चांगुणाबाईंचा हात कपाच्या कानाशी थांबला. "दिवाळीची प्रत? तेव्हा तर नाझिया या घरात आलीच नव्हती."

"नव्हती."

"आणि दुसरं काय काय बिघडलं? फोटो?"

"फोटो ठीक आहेत. ह्यांची इंग्रजी कागदपत्रं ठीक आहेत. माझं भिशीचं पत्रक, बारशाचं आमंत्रण, मी टाईप केलेलं जे जे आहे ते गेलं."

म्हणजे चोर पूजाच्याच हातचं तेवढं वेचून गेला होता. चांगुणाबाईंनी चहाचा घोट घेतला. चारही घरांत एकदम अंधार झाला तर चार दिवे बिघडलेले नसतात, लाईट गेलेली असते. पण कोणती लाईट, आणि खटका कुणी बंद केला?

"नाझियाचा तो तपासणीचा कागद कुठाय?"

"टेबलाच्या खणात. तिनं हातानं लिहिलेला."

कागद निघाला. चार रकाने, चार अँटिव्हायरस, आणि बाजूला नाझियाचे प्रश्न. पहिल्याखाली ‘पकडतं, पण कॉम्प्युटर रडतो’. दुसऱ्याखाली ‘वर्ष संपलं की न विचारता पुढचे पैसे कापतं’. तिसऱ्याखाली ‘पकडतं. गप्प असतं. टायपिंगला सूट दिली. हेच ठेवा’. चौथ्याखाली ‘इंटरनेटवर पहिला नंबर. सगळं पकडतं. फार वाजतं, लाल चौकट, सारखे प्रश्न’. आणि पूजाच्या टायपिंगच्या ओळीत, तीन बरोबरच्या खुणांनंतर चौथ्या रकान्यात ठसठशीत फुली होती. फुलीखाली तीन शब्द होते: ‘या घरात नको’.

४

रोहित गॅलरीत उभा होता. फोनवर अजून अंगठे येत होते, आणि प्रत्येक टिंगसरशी त्याची नजर तिकडे जात होती.

"तुमचा नाझियावर आधीपासूनच भरवसा नव्हता का?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"भरवशाचा प्रश्न नाही, काकू. पद्धतीचा आहे. जगभरचे तज्ज्ञ परीक्षा घेतात, नंबर लावतात. आणि ही आपली चहा मोजते! पहिल्या नंबरचं सोडून भलतंच घालून गेली. कमिशन असणार तिचं."

"आणि जे घातलं ते वाईट निघालं."

"वाईट? डोकं उठवलं! पाच-पाच मिनिटांनी टुंग-टुंग. लाल चौकट येते, इंग्रजीत काहीतरी विचारते, उत्तर दिल्याशिवाय हलत नाही. असलं सॉफ्टवेअर घरात कोण ठेवतं?"

"तुम्ही त्यावर बसला होतात वाटतं."

"छे! मला वेळ कुठाय? कॉम्प्युटर पूजाचा. मी महिनाभर हात लावलेला नाही."

चांगुणाबाईंनी मान डोलावली. प्रेसमध्ये त्या एक गोष्ट शिकल्या होत्या, खोट सापडली की ओरडायचं नाही, तावाच्या कोपऱ्याला बारीक खूण करून तो बाजूला ठेवायचा.

त्या सावळीरामांजवळ येऊन बसल्या. "बाबा, काल आल्यावर रोहित काय म्हणाले?"

"काय म्हननार? माझ्याकडं बघंना. म्हनला, आण्णा, तुमची वही गेली. त्या पोरीनं घालवली." म्हाताऱ्यानं टोपी झटकली. "मला लय वाईट वाटलं, बाई. पन एक सांगू? ती पोरगी मागं एकदा फोनवर भेटली होती. सुनंच्या जागी तिनं फोन उचलला. मला म्हनली, बाबा, भुरी म्हंजी काय असतं? म्या पंधरा मिनिटं सांगितलं. इतकं नीट ऐकनारं मानूस वही जाळंल, हे मला काय पटत नाय. पन पोरगा सांगतो म्हनल्यावर काय बोलू?"

"पोरानं आजवर तुमच्यापाशी चूक कबूल केलीय कधी?"

सावळीरामांनी गॅलरीतल्या पोराकडे पाहिलं. "नाय," ते म्हणाले. "माझाच दोष हाय त्यो. लहानपनी लय मारलं त्याला, चुकला की."

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते. चांगुणाबाईंनी फोन काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "नाझिया, ये गं इकडे. बोरस्त्यांकडे. हो, सॅक घेऊन ये."

रोहित गॅलरीतून आत आला. "काकू, ती या घरात पाऊल टाकणार नाही!"

"टाकंल," सावळीराम म्हणाले. "घर अजून माझ्या नावावर हाय."

५

नाझिया आली आणि दाराशीच उभी राहिली. कुणी ‘बस’ म्हटलं नाही. शेवटी पूजानं तिचा हात धरून आत आणलं.

"तू अजून पडद्याकडे बघू नकोस," चांगुणाबाई तिला म्हणाल्या. "तू आधी बघितलंस तर म्हणतील, पोरीनं पढवलं. मला आंधळ्यासारखं चाचपत जाऊ दे." मग पूजाकडे वळून, "दिवाळीला छापलेली पानं दे."

छापलेलं पहिलं पान त्यांनी पडद्याशेजारी धरलं. बिघडलेल्या तावाशेजारी चांगला ताव.

"हे बघा. पानावर पहिल्या वाक्यात पाच शब्द, पडद्यावरही पाच तुकडे. पानावर ‘छाटणी’ हा शब्द सहा ठिकाणी आलाय. पडद्यावर त्याच सहा जागी अक्षरांचा एकच जुडगा आहे, शेपटीच्या डॉलरसकट. माझ्या मते ज्याला कुलूप लागतं त्याचं असं सरळ रांगेत काही उरत नाही. नाझिया, बरोबर?"

"कुलूप लावलेली फाईल उघडतच नाही, मावशी. उघडली तरी आकडासुद्धा ओळखू येत नाही."

"आणि इथे बारा वर्षांचे रविवार शाबूत आहेत. चिठ्ठी नाही. दिवाळीची जुनी प्रत, जिला कुणी शिवलं नाही, तीही अशीच दिसते. म्हणून मी म्हणते, फाईलला काही झालेलंच नाही. ती वाचणारा कुणीतरी घरातून गेलाय."

"हे सगळे तर्क आहेत," रोहित म्हणाला.

"हो ना. मग एक साधं करू. पूजा, कोरं पान उघड, नवंकोरं. आणि तुझं नाव टाईप कर."

"नको!" रोहित पुढे झाला. "काही दाबू नका म्हणून सांगितलंय ना मी!"

"का रे?" सावळीरामांनी विचारलं. एवढंच विचारलं, पण रोहित होता तिथेच थांबला.

पूजानं खुर्चीत बसून कोरं पान उघडलं आणि रोजच्या सवयीनं बोटं चालवली. पडद्यावर तिचं नाव आलं नाही. इंग्रजी अक्षरं आली, कंस आला, डॉलर आला.

"न लिहिलेल्या पानाला कोणता व्हायरस कुलूप लावतो?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"अय्या," नाझिया उठून उभीच राहिली. आता तिला कुणी थांबवलं नाही. "पूजाताई, तुमचा टायपिंगचा प्रोग्रामच नाहीये! कोपऱ्यात त्याची खूण असते ना, ती नाही. तुम्ही वापरता ती मराठी जुन्या पद्धतीची आहे. आत साठतात ती इंग्रजी अक्षरं, आणि हा प्रोग्राम त्याच्या फॉन्टसकट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. तो गेला की पोशाख गेला. आतली वही जशीच्या तशी आहे."

सावळीरामांनी टोपी डोक्यावर घातली आणि लगेच पुन्हा काढली. हातांचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"पण गेला कुठे?" पूजा म्हणाली. "बुधवारी तर होता."

"तेच," चांगुणाबाई म्हणाल्या. "नाझिया, तुझ्या चौथ्या रकान्यातली फुली कशासाठी?"

"ते अँटिव्हायरस पूजाताईंच्या टायपिंगलाच चोर समजतं म्हणून. हा प्रोग्राम प्रत्येक बटण दाबलं की मधेच पकडतो आणि त्याचं मराठी करतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही असंच प्रत्येक बटण मधे पकडतात. परदेशात केलेल्या अँटिव्हायरसला मराठी टायपिंग काय माहीत! ते नुसती चाल बघतं आणि विचारतं, काढून टाकू का? मी चाचणीत हो म्हणून बघितलं, तर सगळंच उचकटून टाकलं. मग माझ्या पेन ड्राईव्हवरून परत बसवलं आणि फुली मारली. तिसऱ्यालाही संशय आला होता, पण त्याला एकदा सूट दिली की ते ऐकतं."

"पहाटे दारोदार थांबणारा दूधवाला असतो आणि घरं हेरणाराही असतो," चांगुणाबाई म्हणाल्या. "नुसती चाल बघून ठरवणाऱ्याला दोघे सारखेच. सतरा अंगठेवाल्यांनी तरी दुसरं काय केलं?" त्यांनी नाझियाचा कागद टेबलावर सरळ केला. "तिसरं अँटिव्हायरस गप्प. पूजा म्हणते, आहे का नाही कळत नाही. कागदही तेच सांगतो. वाजणारं, लाल चौकटीचं, इंग्रजीत प्रश्न विचारणारं फक्त चौथं. ते मंगळवारी या घरात नव्हतं. रोहित, तुम्ही कॉम्प्युटरला महिनाभर हात लावला नाही. मग ती टुंग-टुंग तुम्ही ऐकलीत कुठे?"

नाझियानं माऊस हलवला आणि डाउनलोडचा खण उघडला. तिथे चौथ्या अँटिव्हायरसची फाईल पडली होती, उतरवल्याची वेळ गुरुवार, रात्री अकरा. त्या वेळी पूजा सिन्नरला होती आणि सावळीराम गावाला.

६

रोहित खाली बसला. अधिकाऱ्यासारखा नाही, नुसताच बसला.

"पहिल्या नंबरचं होतं ते," तो म्हणाला. "मला वाटलं, हिला काय कळतं. तिचं बंद केलं आणि हे घातलं. त्यानं लाल चौकट दाखवली, धोका, बटणं चोरणारा प्रोग्राम. मी म्हटलं, बघा, हिच्या अँटिव्हायरसला हे दिसलंच नव्हतं! आणि काढून टाक म्हणालो. शुक्रवारी सहज फाईल उघडली तर... मला वाटलं, मी उतरवलं तेच खोटं होतं, त्यातूनच व्हायरस आला. घाबरून ते काढलं, तिचं पुन्हा चालू केलं. आण्णांना काय सांगणार होतो? बारा वर्षं, आण्णा."

"मंग माझ्या भीतीनं त्या पोरीचं नाव सांगितलंस," सावळीराम म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

नाझिया पेन ड्राईव्ह लावून काम करत होती. चार मिनिटांत कोपऱ्यात ती खूण उमटली, तिनं फाईल उघडली आणि पहिल्या ओळीपासून मराठी उजाडली. पूजानं मोठ्यानं वाचलं, "आज तिसऱ्या ओळीतल्या वेली छाटल्या. वारा होता." सावळीरामांनी डोळे पुसले, आणि ते कुणापासून लपवलंही नाही.

"सॉरी, नाझिया," रोहित म्हणाला. "खरंच. मी तो मेसेज आत्ता डिलीट करतो."

"डिलीट नका करू." तिनं पडद्यावरची नजर हलवली नाही. "सतरा जणांनी वाचून झालाय तो. तो राहू दे, आणि त्याच्याखाली खरं काय ते लिहा. आणि दादा, आरोप बावीस घरांत केलात. सॉरी एका खोलीत म्हणून कसं भागेल?"

रोहितनं लिहिलं. चार ओळी, स्वतःच्या नावासकट, ठराव मागे घेतल्याचंही. सगळे फोनकडे बघत बसले. पंधरा मिनिटं गेली. तीन अंगठे आले. नंतर कुणीतरी पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं आणि ग्रुप तिकडे वळला.

चांगुणाबाईंना भरून आलं. खोट दिसली की सतरा, आणि खोट नव्हती म्हटलं की तीन. आयुष्यभर त्यांनी खराब ताव बाजूला काढले होते, पण चुकून बाजूला काढलेला चांगला ताव परत गठ्ठ्यात घालणं किती अवघड असतं, ते आज कळत होतं.

"ऊठ," सावळीराम पोराला म्हणाले.

"कुठे?"

"आमच्या गावात कुनाचं नाव खोटं घेतलं तर ज्या ज्या दारात घेतलं त्या त्या दारात जाऊन फेडायचं, सोताच्या तोंडानं. बावीस दारं हायेत. मीटिंगला अजून तीन तास हायेत."

रोहितनं नाझियाकडे बघितलं. "तू येतेस बरोबर?"

"मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "मी काही केलेलं नाही. मी इथं बसून पूजाताईंबरोबर पानं तपासतेय."

तेव्हा चांगुणाबाईच उठल्या. दोघं जिना उतरून तळमजल्यावर आली. पहिलं दार निवृत्ती कदमांचं. ग्रुपवर पहिला अंगठा त्यांचाच होता. रोहितनं बेलवर बोट ठेवलं, पण ती दाबली नाही. ही बेल त्याची त्यानंच दाबायची होती.

बेल वाजली आणि कदमांनी दार उघडलं.

"काका," रोहित म्हणाला. "नाझियानं काही केलं नव्हतं. मी केलं होतं, आणि नाव तिचं घेतलं."

"अरे, वाचलं मी ते ग्रुपवर. त्यासाठी दारात कशाला आलास?"

"दारातच सांगायला हवं होतं."

कदम दाराची कडी धरून उभे राहिले. त्यांनी एकदा रोहितकडे बघितलं, एकदा चांगुणाबाईंकडे. "अंगठा तर मीही दिला होता," ते हळूच म्हणाले. "मला तर काही माहीतसुद्धा नव्हतं. मी कुणाच्या दारात जाऊ?"

"वर दुसऱ्या मजल्यावर बसलीय ती," चांगुणाबाई म्हणाल्या.

कदम पायांनी चपला चाचपू लागले आणि रोहित शेजारच्या दाराकडे वळला.